बाद गाडीचा परवाना

शिवणकामाच्या डिप्लोम्याचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या बाईंनी मला बाजूला बोलावून एक कागद हातात दिला. दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या एका महिला संस्थेला शिवणकाम शिकवणारी बाई हवी होती. राहू आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मिळून पाच वर्ग, रोज एका ठिकाणी. राहायला संस्थेची खोली. मुलाखती दिवाळीनंतर. इथपर्यंत वाचून मी मनातल्या मनात पेटी भरायला घेतली होती. मग शेवटची ओळ आली. ‘उमेदवाराकडे स्वतःचे वाहन व ते चालविण्याचा वैध परवाना असणे आवश्यक.’

माझ्या उजव्या पायाला कॅलिपर होता. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि खाली जडशीळ बूट. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला तेव्हापासून बुटाचा नंबर तेवढा बदलत गेला.

“बाई, तुम्ही शेवटची ओळ वाचलीत ना?” मी विचारलं.

“वाचली. म्हणून तर तुला दिला. कागद दिल्याशिवाय तू हलणार न्हाईस.”

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ अब्बांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि शिवणक्लासला मी त्यांच्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून जायचे. तेवीस वर्षं कुणीतरी मला नेऊन सोडत होतं आणि कुणीतरी परत आणत होतं. नोकरी हवीच होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला हे हवं होतं की घरी किती वाजता निघायचं ते मी ठरवावं. ती शेवटची ओळ मला अडवायला लिहिली आहे असं पहिल्यांदा वाटलं. रात्रीपर्यंत मत बदललं. ती ओळ नसती तर मला गाडी कुणी घेऊ दिली असती?

घरात आम्ही आमची दखनी बोलायचो. पण यंत्राचा विषय निघाला की अब्बा मराठीत शिरायचे, आणि एकदा शिरले की बाहेर पडायचे नाहीत.

“गिअरची जुनी स्कूटर घिऊ,” ते म्हणाले. “बाजूला दोन चाकं लावू. बटणाच्या गाडीचा काय भरवसा न्हाई. बटण बिघाडलं की बसा बोंबलत.”

बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर मी तोवर एकदाच पाहिली होती, तीही एसटीच्या खिडकीतून. त्यामुळे माझ्याकडे उत्तरं शून्य आणि प्रश्न ढीगभर. मोटारगाडीचं तर नावच काढायला नको होतं. तिला खाली तीन पायपट्ट्या आणि माझ्याकडे कामाचा पाय एक. एका शिबिरात मिळालेली हाताने फिरवायची तीनचाकी दुकानामागे पडून होती. ती मी दोनदा रस्त्यावर काढली होती. दोन्ही वेळा लोक बाजूला सरून गप्प उभे राहिले, मयत चाललं की राहतात तसे. तिसऱ्यांदा मी तिला हात लावला नाही. राहिली मोपेड. अब्बांच्या ओळखीच्या एकाची आणून बघितली. अब्बा म्हणाले, “तुला वढंल, पर बाजूची चाकं वढताना हिचा जीव जाईल.” ते पटलं.

दौंड स्टेशनात तिकीटखिडकीवर बसणारे एक साहेब अशी चारचाकी स्कूटर चालवतात, असं अब्बांना कुणीतरी सांगितलं. आम्ही एसटीने दौंडला गेलो. साहेब दोन्ही पायांनी अधू, वय पन्नाशीचं, आणि स्वभावाने खडूस असावेत असं त्यांच्या खिडकीवरच्या आवाजावरून वाटलं. पण जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले आणि माझी वही बघून हसले. मी प्रश्न लिहून नेले होते. बावीस.

“ताई, प्रश्न राहू द्या,” ते म्हणाले. “आधी सांगा, तुमचं काय काय चालतं?”

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. काय चालत नाही, हे सगळे विचारायचे. मी सांगितलं, दोन्ही हात, डावा पाय, डोळे, कान आणि तोंड.

“तोंडाचं दिसतंयच. आता गाडीचे ब्रेक मोजा. गिअरच्या स्कूटरला मागचा ब्रेक कुठं असतो?”

“उजव्या पायाशी,” अब्बाच म्हणाले आणि त्यांची नजर माझ्या बुटावर गेली. इतके दिवस स्कूटर-स्कूटर करत होते, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सायकलवाल्याला ब्रेक हातातच दिसणार.

“म्हणून बिनगिअरची, बटण-स्टार्टची घ्या. दोन्ही ब्रेक हातात. आधी अंग मोजायचं, मग ब्रेक मोजायचे, रंग सगळ्यात शेवटी.”

मग त्यांनी मला स्वतःच्या गाडीवर बसवलं आणि वीस मिनिटं एकेक गोष्ट दाखवली. दोनचाकी वळताना कलते, ही कलत नाही, म्हणून वळणावर वेग मारायचा, नाहीतर ती तुम्हाला बाहेर फेकते. हिला मागं जाता येत नाही, म्हणून उभी करतानाच तोंड रस्त्याकडे करून ठेवायची. आणि खड्डे. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत, बाजूची दोन आपापल्या रेषेत, म्हणजे चाकं चार पण रस्त्यावर खुणा तीन. पुढच्या चाकाने खड्डा चुकवला की तो बाजूच्या चाकाला सापडतो. “म्हणून कधी कधी,” ते म्हणाले, “खड्डा चुकवायचा नसतो, दोन खुणांच्या मधोमध ठेवायचा असतो.” मी हे वहीत लिहिलं. अब्बांनी डोक्यात लिहिलं. परतीच्या एसटीत दोघंही एकमेकांच्या आधी बोलायला बघत होतो.

गाडी कशी आली, पैसा कसा उभा राहिला, ते सांगत नाही. ती गोष्ट घरोघरी सारखीच असते. राखाडी रंगाची, एकाच हाताची वापरलेली, बिनगिअरची गाडी आली. मला लाल हवी होती. पण रंग शेवटी.

बाजूची चाकं पुण्याहून तयार मिळत होती. अब्बांना ते अपमानास्पद वाटलं. मार्केट यार्डाच्या मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर त्यांचा दोस्त होता. दोघांनी तीन दिवस खपून एक सांगाडा बनवला. तो ट्रॉलीच्या हिशोबाने बनला होता, त्यावर दहा पोती कांदा सहज बसला असता. नाकापेक्षा मोती जड. यार्डाच्या फाटकाजवळ नुसता चढ होता, टेकडी नव्हे, तर तिथंच गाडी दमून उभी राहिली. तो सांगाडा कापून हलका केला, तेव्हा दुसरीच गंमत कळली. वाटेत थोडासा खळगा आला की बाजूची दोन चाकं दोन्हीकडच्या कडांवर टेकायची आणि मधलं, इंजिनाचं चाक खळग्यावर अधांतरी. मी मूठ पिळतेय, चाक गरगर फिरतंय, गाडी तसूभर हलत नाही. बघायला जमलेल्या हमालांना फुकटचा तमाशा मिळाला.

मला मात्र राग आला नाही. मी खाली वाकून त्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत बसले. किती साधी गोष्ट होती! आधाराची चाकं फार घट्ट झाली, तर चालणारं चाक जमिनीला टेकतच नाही. मी अब्बांना म्हणाले, “बाजूची चाकं वर-खाली व्हायला हवीत.” अब्बा आधीच जुन्या मोपेडचे शॉकअब शोधायला उठले होते. ते लावले आणि गाडी शहाणी झाली.

बाजार नसेल त्या दिवशी यार्डाच्या मैदानात मी शिकले. पहिल्या आठवड्यात एक टपरी, एक हातगाडी आणि अब्बांचा अंगठा एवढ्यांना धक्का लागला. दुसऱ्या आठवड्यात फक्त अब्बांच्या दुसऱ्या अंगठ्याला. ‘ही दोनचाकी का चारचाकी’ यावर हमालांच्यात पैजा लागायच्या. मलाही ते कोडं पडलं होतं. कायद्यात हिचं नाव काय असेल? शिकाऊ परवान्याचा अर्ज भरताना गाडीच्या प्रकाराच्या रकान्यात काय लिहू, हे विचारलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, “मोकळा ठेवा, साहेब लिव्हत्याल.”

महिन्यातून एकदा परिवहनचे साहेब शिरूरच्या विश्रामगृहावर यायचे आणि समोरच्या मैदानात चाचणी घ्यायचे. माझा नंबर आला. साहेबांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

“ही टू-व्हीलर का फोर-व्हीलर हो?”

“साहेब, हँडल दोनचाकीचं, चाकं चार, आणि खुणा तीन. मी दोन महिने विचार करतेय. तुम्हीच सांगा.”

ते हसले आणि म्हणाले, आठ काढा. आठाच्या आकारात दगड मांडले होते, ते दोनचाकीच्या मापाने. माझी गाडी त्यातून जाणं शक्यच नव्हतं. मी तसं सांगितलं. वाटलं, झालं, गेला परवाना. साहेब स्वतः उठले, पायाने दगड एकेक करून बाहेर सरकवले आणि परत जाऊन बसले. मी आठ काढला. मग त्यांनी सांगितलं नसताना मी आणखी एक काढला, कारण पहिला मला फार आवडला होता.

काही दिवसांनी परवान्याची पुस्तिका हातात आली. आत माझा फोटो, घाबरलेला, आणि गाडीच्या प्रकारापुढे निळ्या शाईत इंग्रजीत दोन शब्द: इनव्हॅलिड कॅरेज.

आता, आमच्या तालुक्यात इंग्रजीचे चार शब्द शाळेत न जाताही येतात. पंक्चर, डिपॉझिट, स्टे आणि इनव्हॅलिड. शेवटचा निवडणुकांमुळे. सोसायटी असो, साखर कारखाना असो की दूध संघ, मतमोजणीच्या दिवशी कर्ण्यावरून आवाज यायचा, वैध मतं इतकी, इनव्हॅलिड मतं इतकी. इनव्हॅलिड म्हणजे बाद. शिक्का दोन चौकोनांच्या मध्ये पडला, अंगठा भलत्या जागी उमटला, मत बाद. शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि माझ्या परवान्यावर तोच शब्द.

मी थेट खिडकी गाठली. “हा बाद केलाय का?”

“बाद न्हाई ताई. गाडीचा परकार हाय त्यो.”

“मग इनव्हॅलिड म्हणजे काय?”

“कायद्यात तसंच हाय,” तो म्हणाला आणि पुढच्याचा कागद ओढला.

घरी येऊन शाळेतला जुना शब्दकोश काढला. तो शब्द तिथे दोनदा होता. पहिल्यांदा: रद्द, निरर्थक, बेकायदेशीर. त्याच्याच खाली पुन्हा तेच स्पेलिंग आणि अर्थ: आजारी, दुबळा, पंगू. म्हणजे कोडं सुटलं होतं. गाडीला नाव चाकांवरून मिळालंच नव्हतं. ते चालवणाऱ्यावरून मिळालं होतं.

मी कोश मिटला. अब्बा दारात उभे होते, हातात पुस्तिका, ओल्या फडक्याने बोटं पुसून मगच धरलेली. “काय लिव्हलंय गं यात?” मी म्हणाले, “गाडीच्या जातीचं नाव आहे.” खोटं नव्हतंच ते. पण अर्थ मी सांगितला नाही. माझ्या घरात माझ्या पायाला कधीच कुणी नाव दिलं नव्हतं. “तिच्या पायाचं जरा तसं आहे,” एवढंच. आणि अब्बा ती पुस्तिका स्टँडवरच्या प्रत्येक रिक्षावाल्याला दाखवत सुटले होते.

दिवाळीनंतर मुलाखतीचं पत्र आलं. राहू शिरूरपासून वीस-पंचवीस मैल. मी एसटीने जावं आणि गाडी आहे असं नुसतं सांगावं, असं अम्मीचं मत. मी म्हणाले, गाडी आहे म्हणून बोलावलंय, तर गाडीवरच जाणार. अब्बा म्हणाले, मग मी मागं बसणार. कागदांची पिशवी पोटाशी धरून ते मागे बसले आणि उजाडता उजाडता आम्ही निघालो.

माझे वडील फार भले गृहस्थ, पण मागच्या सीटवरचा इतका वाईट माणूस मी दुसरा पाहिला नाही. समोर कुत्रं दिसलं की “कुत्रं!” म्हणायचे. बैल दिसला की “बैल!” न्हावऱ्यापर्यंत मला सगळ्या प्राण्यांची हजेरी मिळाली. पुढे उसाच्या गाड्यांची रांग लागली. दोनचाक्या कडेकडेने सुळकन निघून जात होत्या. माझी गाडी रुंद, मला तसं घुसता येईना. बैलांच्या मागे मागे मी चालले होते आणि बघत होते. एका गाडीवान बाबाला चक्क झोप लागली होती आणि बैल पुढच्या गाडीचा माग धरून आपापले चालले होते. त्यांना परवाना कुणी दिला, असं मी अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, “तू फुडं बघ.”

भीमेचा पूल ओलांडला. पारगावला उजवीकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना नुसता ऊस, आणि जागोजागी गुऱ्हाळांचा गोड धूर. त्या वासाने भूक लागली, पण थांबले नाही. थांबले तर घाबरेन, असं वाटत होतं. राहूत पोचलो तेव्हा माझ्या दोन्ही तळहातांना मुंग्या आल्या होत्या. गाडी शाळेच्या फाटकात तोंड रस्त्याकडे करून लावली.

मुलाखत शाळेच्याच एका वर्गात होती. माझ्याआधी चार बायका होत्या. चौघींकडे परवाने होते आणि चौघींना नवऱ्यांनी नाहीतर भावांनी मोटरसायकलवरून आणून सोडलं होतं. ते सगळे बाहेर लिंबाखाली तंबाखू मळत उभे होते. अब्बांना आत बोलावलं नव्हतं, तरी ते आत आले आणि मागच्या बाकावर बसले. बाक पहिलीच्या पोरांचा. गुडघे हनुवटीला.

समोर तिघं होते. संस्थेच्या अध्यक्षा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांच्या शेजारी त्यांचे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत. कागदावर ते कुणीच नव्हते, म्हणून सगळं तेच विचारत होते. आणि शाळेचे गुरुजी, चष्मा लावून कागद तपासायला.

शिवणाचं विचारून झालं. काज कसं करता, जुन्या नऊवारीची परकर-पोलकी कशी काढाल, सुईत दोरा ओवता न येणाऱ्या म्हातारीला काय शिकवाल. मी धडाधड बोलत होते. अध्यक्षा मान डोलावत होत्या. मग गुरुजींनी परवान्याची पुस्तिका उघडली, डोळ्यांजवळ नेली, आणि आबांकडे सरकवली.

आबांनी तीस वर्षं निवडणुकांची मोजणी बघितली होती, हे मला मागाहून कळलं. त्यांनी एकच शब्द वाचला.

“इनव्हॅलिड,” ते म्हणाले. “आरं, ह्यो तर बाद हाय!”

“आबा, तो बाद नाही. गाडीचा प्रकार आहे.”

“बाई, मला नगा शिकवू. या शब्दापायी मी सात मतांनी पडलोय. हितं लिव्हलंय वैध परवाना पायजे, आन् तुमच्यावर तर छापच मारलाय इनव्हॅलिडचा. गुरुजी, व्हय का न्हाई?”

“शब्दशः तसंच आहे,” गुरुजी म्हणाले. ते शब्दशः माणूस होते.

“मंग संपलं. पुढच्या टायमाला नीट परवाना करून आणा, आमी इचार करू.” आबांनी पुस्तिका मिटून माझ्याकडे सरकवली. वाईट बोलले नाहीत. मोजणीच्या टेबलावर मत बाजूला ठेवतात तसं, नियमाने, बाजूला ठेवलं.

उत्तर मला माहीत होतं. एका वाक्याचं होतं. पण मागच्या बाकावर अब्बा होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुस्तिका उचलावी आणि निघावं, पुन्हा त्या कॅरिअरवर बसावं, एवढं सोपं होतं ते. मग माझाच मला राग आला. वीस-पंचवीस मैल मी कशासाठी आले होते, एक शब्द गिळायला?

“आबा,” मी म्हणाले, “त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे. इनव्हॅलिड म्हणजे पांगळा. पांगळ्या माणसाने चालवायची गाडी, असं त्यात लिहिलंय. परवाना बाद नाही. मी पांगळी आहे.”

हा शब्द मी माझ्यासाठी तोवर कधीच तोंडातून काढला नव्हता, आणि काढला तो बापासमोर. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

गुरुजींनी कपाटातून कोश काढला, बघितला. “आहे. दोन्ही अर्थ आहेत.” आणि मग, अगदी काळजीने, “पण मग बाई, प्रश्न तोच राहतो. पाच वस्त्या. पावसाळा. तुमच्याच्याने होणार का?”

आगीतून फुफाट्यात. एका अर्थाने परवाना बाद, दुसऱ्या अर्थाने मी बाद. इतका वेळ नुसती मान डोलावणाऱ्या अध्यक्षा तेव्हा बोलल्या.

“आज तुम्ही आल्या कशा?”

“गाडीवर. शिरूरहून.”

“गाडी कुणी आणली? चाचांनी?” आबांनी मान वर करून मागे बघितलं.

अब्बा त्या छोट्या बाकातून कसेबसे उठले. आवाज त्यांचा नव्हताच. “न्हाई आबा. मी मागं बसून आलो. सारा रस्ता मी बिरेक दाबत आलोय, पर माझ्याकडं बिरेकच नव्हता. जो हाय, त्यो तिच्या हातात हाय.”

अध्यक्षा उठून खिडकीशी गेल्या. फाटकात गाडी उभी होती, उसाच्या पाचोळ्याने माखलेली. लिंबाखालचे नवरे आणि भाऊ तिच्याभोवती जमून चाकं मोजत होते. “हातच्या काकणाला आरसा कशाला, आबा?” त्या म्हणाल्या. “पाचातली एकटीच गाडी घेऊन आलीये. बाकीच्यांना आणून सोडलंय.”

आबांनी सुनेकडे बघितलं. पुस्तिका परत ओढून घेतली, तो शब्द अंगठ्याखाली धरला आणि बराच वेळ पुटपुटले. एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात आणि त्यातला आपल्याला एवढी वर्षं एकच माहीत होता, याचं त्यांना खरोखर नवल वाटत असावं. मग पेनाचं टोपण काढलं, माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात सही केली आणि मान हलवून म्हणाले,

“बाई चालत्याल.”

क्षणभर कुणाला काही वाटलं नाही. मग सगळ्यांनाच एकदम वाटलं. गुरुजींनी कोशात डोकं घातलं. अध्यक्षांनी पदर तोंडाला लावला. आबांचे कान लालबुंद झाले.

“म्हंजी… तसं न्हवं बाई… पसंत हाईत, आसं म्हणायचं व्हतं मला…”

“चालेन की, आबा,” मी म्हणाले, आणि मला असं हसू फुटलं की आवरेना. मग आबा हसले, सगळेच हसले.

अब्बा हसले नाहीत. मी वळून बघितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. आणि तेव्हा, तिथे, एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चहा कमी साखरेचा देऊ का, ही ओढणी बरी दिसेल का, उद्या निघू का, असं वीस वर्षांत मी त्यांना हजारदा विचारलं असेल. ते “होईल” म्हणायचे. “जमेल” म्हणायचे. “चालेल” असं मला ते कधीच म्हणाले नव्हते, ना मराठीत ना दखनीत. अम्मीही नाही. दुकानावर गिऱ्हाइकांना दिवसातून पन्नासदा “चालंल की” म्हणणारा माणूस घराचा उंबरा ओलांडताना तो शब्द बाहेर ठेवून येत होता. मला प्रश्न विचारण्याची एवढी हौस, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी कागदांची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

“अब्बा, निघायचं? उशीर केला तर पुलावर उसाच्या गाड्या लागतील.”

त्यांनी बाहीने डोळे पुसले. तो शब्द त्यांना तोंडात फिरवावा लागत होता, हे मला दिसत होतं.

“चालंल,” अब्बा म्हणाले.